हलत्या चित्राची स्पष्टता आणि जुनी पिक्चर ट्यूब

पिक्चर ट्यूबचा जुना संच आणि नवा सपाट पडदा शेजारी ठेवून दोन्हींवर एकच सरकती अक्षरपट्टी लावली, तर स्थिर चित्रात सहज सरस ठरणारा नवा पडदा इथे मागे पडतो. ट्यूबवरची अक्षरे धावतानाही रेखीव राहतात. नव्या पडद्यावर ती फरफटल्यासारखी दिसतात. हा केवळ जुन्याचा मोह आहे, असे म्हणणे मला पटत नाही, कारण हा फरक मोजता येतो.

ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत फॉस्फरच्या लेपावरून ओळीओळीने फिरतो. झोत पडताच ठिपका उजळतो आणि साधारण एका मिलिसेकंदात त्याचा बहुतेक प्रकाश ओसरतो. पुढची फ्रेम, म्हणजे चित्रणातले पुढचे स्थिर चित्र, येईपर्यंत तो भाग जवळजवळ काळाच असतो. एलसीडी पडदा मात्र प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतो, आणि सेकंदाला ६० फ्रेम असतील तर हा अवधी सुमारे १६.७ मिलिसेकंदांचा होतो.

खरी मेख आपल्या डोळ्यांत आहे. धावत्या वस्तूचा माग घेताना नजर सलग सरकत असते, पण पडद्यावरचे चित्र तेवढा वेळ जागीच थांबलेले असते. त्यामुळे त्याची प्रतिमा दृष्टिपटलावर पसरते. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणाऱ्या अक्षराची कड अशा वेळी १६ पिक्सेलांवर पसरते, मग पडद्यावर एकूण पिक्सेल कितीही असोत. पिक्सेल झटपट बदलले की प्रश्न मिटला, असे जाहिराती सुचवतात. परंतु ओलेड, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच प्रकाशतो अशा पडद्याचे पिक्सेल एका मिलिसेकंदाच्या आत बदलूनही ६० फ्रेमवर हा धूसरपणा उरतोच.

फ्रेम २४० केल्या तर तो ४ पिक्सेलांवर येतो, मात्र तेवढ्या खऱ्या फ्रेम मूळ चित्रणात असाव्या लागतात. चित्रपट बहुधा २४ फ्रेमचा असतो, आणि मधल्या फ्रेम संगणकाने रचल्या की त्याला जो गुळगुळीत कृत्रिमपणा येतो, तो मला तरी धूसरपणापेक्षा अधिक खटकतो. दुसरा उपाय म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये पडदा क्षणभर काळा करणे, म्हणजे ट्यूब आपोआप करत असे तेच मुद्दाम करणे. त्याने कडा पुन्हा रेखीव होतात, पण उजेड घटतो आणि ६० फ्रेमवर ट्यूबची जुनी लुकलुकही परत येते.