डाव्या चाकाचा होज

माळशेज घाट उतरताना ब्रेकचं पॅडल पार खाली टेकलं. मागे टोमॅटोचे क्रेट भरलेले, माल कल्याणला चाललेला. मालकाने गिअर पाडत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी कडेला घेतली. तासभर थांबल्यावर पॅडल आपोआप वर आलं. दुसऱ्या दिवशी ही 2008 ची पिकअप नारायणगावला माझ्या दारात.

"मेस्त्री, मास्टर सिलिंडर नवीन टाकला, बूस्टर बदलला. दोन गॅरेज झाली. अजून काय राहिलं?"

मास्टर सिलिंडर पायाच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे रेटतो, बूस्टर तो जोर वाढवतो. थंड झाल्यावर पॅडल परत येतं, हे त्याने त्या दोन्ही गॅरेजवाल्यांना सांगितलं होतं. ऐकलं कुणीच नाही. गिऱ्हाईकाचं ऐकण्यापेक्षा पार्ट बदलणं सोपं, त्याचं बिलही होतं. याचा मला मनापासून राग येतो.

गाडी स्टँडवर घेतली. पोराला पॅडल दाबून सोडायला सांगितलं. उजवं चाक हाताने फिरलं, डावं जाम. पुढच्या दोन्ही चाकांची ब्रेक ऑइलची लाइन एकच, त्यामुळे मास्टर सिलिंडरचा दोष तिथेच बाद झाला. मग चेसीसजवळ, लोखंडी पाइप संपून रबरी होज, म्हणजे चाकापर्यंत ऑइल नेणारी लवचिक नळी, सुरू होते तिथला नट सोडला. चाक जामच. शेवटी कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, ऑइल सोडायच्या निप्पलला पाना लावला, पाव आटा फिरवला आणि काळ्या ऑइलची चिळकांडी उडाली. चाक सुटलं. दाब होजच्या पलीकडे कोंडलेला होता.

पायाचा जोर मोठा, तो ऑइल अरुंद वाटेतूनही पुढे रेटतो. परत यायला मात्र कॅलिपरच्या सीलचा हलकासा ओढा, बस. मग पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं. ताजं डॉट 3 ग्रेडचं ब्रेक ऑइल 205 अंशांपर्यंत तरी दम धरतं. वर्षानुवर्षं न बदललेलं, पाणी शोषलेलं ऑइल 140 च्या आसपासही उकळू शकतं. एकदा वाफ झाली की पाय नुसती वाफच दाबतो. मालक ऑइलची पातळी बघायचा, वरून भरायचा. बदलायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

होज बाहेरून धड होता. हेक्सा ब्लेडने उभा चिरला, तर आतल्या रबराचा पापुद्रा सुटून जिभेसारखा लोंबत होता.

तो पापुद्रा बघितला आणि मला माझंच काम आठवलं. चार महिन्यांपूर्वी या गाडीचे पॅड माझ्याच गॅरेजात बदलले होते. कॅलिपर काढला की तारेने वर बांधायचा, होजवर लोंबकळू द्यायचा नाही. त्या दिवशी पोराने बांधला होता का? मी बघितलं नव्हतं. होज जुना होता, आपोआपही गेला असेल. आता कळायला मार्ग नाही.

दोन्ही बाजूंचे होज नवे टाकले, सगळं ऑइल बदललं, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढली. मजुरी घेतली नाही. मालकाला वाटलं, जुनी ओळख म्हणून सोडली. शुक्रवारी तो ब्रेकचे लाइनर तपासायला येणार आहे. त्याला सांगायचं आहे.