जाताना डोंगर, येताना खाडी

राखीपौर्णिमेच्या आधीचा आठवडा. ठाण्यातल्या एका डिलिव्हरी सेंटरवर मी गाड्यांचे मार्ग लावतो. त्या सकाळी पाऊस होता, घोडबंदर रोडवर खड्डे होते, आणि त्यात आमची एक व्हॅन गॅरेजला गेली. तीन गाड्यांचं टपाल दोन गाड्यांत बसवायचं होतं. राख्यांची पाकिटं उद्यावर टाकता येत नाहीत.

आमची विभागणी पिनकोडप्रमाणे होती. 1972 साली पिनकोड आला तो पत्रांच्या वर्गवारीसाठी. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय सांगतात. रस्त्याची बाजू त्यात कुठून असणार? 400607 मध्ये डोंगराकडचं चितळसर येतं आणि खाडीकडची हिरानंदानी इस्टेटही. मध्ये घोडबंदर रोड. पलीकडच्या एका पाकिटासाठी पुढच्या पुलाखालून वळून यायचं, तेवढ्या वेळात अख्खी सोसायटी वाटून होते.

थैल्या चढवता चढवता आमचे ड्रायव्हर काका म्हणाले, "साहेब, पिन राहू द्या, बाजू बघा. जाताना डोंगर, येताना खाडी. गाडी कायम डावीकडेच थांबेल."

लगेच मार्ग बदलले. एका गाडीला कापूरबावडी ते पातलीपाडा, दुसरीला वाघबीळच्या पुढचा पट्टा. दोघींनीही जाताना डोंगराकडचं वाटायचं, शेवटी एकदाच वळायचं आणि परतताना खाडीकडचं.

मार्गांचं हे गणित 1959 साली डँट्झिग आणि रॅमसर या दोन संशोधकांनी मांडलं, तेही पेट्रोल पंपांना पुरवठा करणाऱ्या टँकरसाठी. माल तेवढाच, गाड्यांची क्षमता ठरलेली, एकूण अंतर कमीत कमी हवं. ते मला मनापासून आवडतं. पण पेट्रोल पंपाला वॉचमन नसतो, लिफ्ट नसते. आमचा वेळ खरा जातो तो फाटकावर: नाव लिहा, वर फोन लावा, होकाराची वाट बघा, मग लिफ्ट. नकाशावरचा ठिपका तर कित्येकदा सोसायटीच्या मागच्या भिंतीला नेऊन सोडतो. म्हणून त्या दिवशी काकांकडून मी फाटकं विचारून घेतली. जवळजवळची चार-पाच फाटकं मिळून एक थांबा धरला. गाडी तिथेच उभी, दोघांनी पिशव्या घेऊन पायी वाटायचं. लॉबीत पोचण्याआधीच पाकिटं मजल्यांप्रमाणे लावलेली.

संध्याकाळी गाड्या परतल्या तेव्हा बंद घरांची पाकिटं तेवढी शिल्लक होती. आम्हाला सगळ्यांनाच फार आनंद झाला. कुणाची तरी राखी वेळेवर पोचली, यापरतं या कामात मला काही नको असतं.

तिसरी व्हॅन दुरुस्त होऊन आली, पण घोडबंदरवर परत घातली नाही. ती कोलशेत-ढोकाळीकडे दिली आहे. तिथे आतल्या रस्त्यांचं जाळं आहे, डोंगर-खाडीची युक्ती चालत नाही. त्यामुळे आधी फाटकांची यादी करतोय, काकांना शेजारी बसवून.