बांगडी आतून बघायची

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि पहिल्यांदा आठवल्या त्या कार्यानुभवाच्या बाई. मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे भरभरून लिहितीलच. बाईंनी शिकवलेली मण्यांची तारेची बांगडी मात्र कुणाच्या लेखात येईल की नाही, शंका आहे. म्हणून ही सगळी जागा तिला देतोय.

कोल्हापुरात, आमच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज आणि ठुशी हे गळ्यातले दागिने गाठवणारे हात आहेत, जवळच हुपरी गावची चांदी आहे. अशा गावात ओबडधोबड बांगडी करून चालणार नाही, हे बाईंचं म्हणणं. तासाला मुलगे-मुली सगळेच बसत, आणि हातात पक्कड येण्याआधी मोजपट्टी येई.

सांगाड्याला 1.6 मिलीमीटरची पितळी तार, गुंडाळायला 0.4 मिलीमीटरची, मणी 4 मिलीमीटरचे. हार्डवेअरच्या दुकानातली बांधकामाची लोखंडी तार स्वस्त पडते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ती आठवड्यात गंजते आणि मनगटावर डाग पाडते. बाई ती वर्गात आणूच देत नसत. पितळी तार आधी चिंचेने घासून, धुऊन, कोरडी करायची. हे मणी ओवण्याआधीच करायचं, कारण नंतर चिंच लावली तर खोट्या मोत्यांचा मुलामा उडतो.

तार डब्यावर गोल वळवायची. इथे बहुतेकांचं चुकायचं. हव्या मापाचाच डबा घेतला की हात सोडताच तार उसळून मोठी होते. आतून 60 मिलीमीटरची बांगडी हवी, तर डबा 55 चा घ्यायचा. तार फारच ताठ असेल तर मंद लाल होईतो तापवून पाण्यात बुडवायची, की नरम पडते. दोन्ही टोकं कानशीने तिरपी घासून 12 मिलीमीटर एकावर एक बसवायची. न घासता बसवली तर जोडाची जाडी दुप्पट होते आणि तिथले मणी उचलले जातात. शाळेत डाग द्यायची, म्हणजे धातू वितळवून जोड पक्का करायची, सोय नव्हती, म्हणून जोडाच्या दोन्ही कडांना बारीक तारेचे चार-पाच घट्ट वळसे.

मण्यांची निवड हा वेगळाच सोहळा. ताटलीत मणी घरंगळत सोडायचे. जो वाकडा पळतो तो बाजूला. मग प्रत्येकाच्या भोकातून तार घालून बघायची. काचेच्या मण्याच्या भोकाची कड धारदार असली तर ती तार कापते, आणि हे कळतं बांगडी अर्धी झाल्यावर.

बारीक तार सव्वा मीटर घ्यायची. मणी ओवून सांगाड्याच्या बाहेरच्या कडेवर अंगठ्याने दाबून धरायचा, तार आतून घेऊन दोन वळसे, मग पुढचा मणी. एकच वळसा दिला तर मणी डुलतो आणि आतल्या बाजूला सरकतो. तीन दिले तर मधे फट दिसते. दोन-सहाच्या, म्हणजे आतून साधारण 60 मिलीमीटरच्या, बांगडीला चाळीसच्या आसपास मणी बसतात. तार बोटांनी ओढायची, पकडीने नाही. पकडीच्या दातांनी चरे पडतात. वळसा घेताना तारेत फास पडला तर तो ताणायचा नाही, हलक्या हाताने उलगडायचा. ताणला की मोड बसतो, आणि तार पुढे नेमकी त्याच मोडावर तुटते. तुटलीच, तर जुनं टोक बाहेरच्या बाजूला वळशांनी संपवून नवी तार त्याला लागून सुरू करायची. सगळी टोकं बाहेर, दोन मण्यांच्या मधे, चपट्या पकडीने दाबलेली. आतल्या बाजूला एकही नको.

बाईंची परीक्षाही तिथेच होई. त्या बांगडी उलटी धरून आतून कापसाचा बोळा फिरवत. एक तंतू जरी अडकला तरी बांगडी परत. शाळेच्या प्रदर्शनात एका पाहुण्यांना निळ्या मण्यांची बांगडी फार आवडली, पैसेही काढले होते. बाईंनी कापूस फिरवला, तंतू अडकला, आणि त्यांनी ती बांगडी टेबलाखाली ठेवून दिली. पाहुण्यांनी आग्रह केला, पण बाई बधल्या नाहीत. इतकी निष्ठा मी पुढे फार थोड्या कारागिरांत पाहिली.

आता कार्यानुभवाच्या खोलीत संगणक आलेत, ते यायलाच हवे होते. पण तयार प्लॅस्टिकच्या कड्यावर गरम गोंदाने मणी चिकटवायचे, हे मला पटत नाही. घामाने गोंद सुटतो, मणी गळतात, आणि मुलांना तारेचा ताण कधी कळतच नाही. एका कपाटात तारेची दोन रिळं आणि चार पकडी ठेवल्या तरी पुष्कळ.

बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात सांगाड्याच्या तारेची मापं लिहून ठेवली होती, ती आताच्या मुलांसाठी देतो. जोड आणि आतल्या वळशांची जाडी त्यात धरलेली आहे: दोन-चारच्या बांगडीला 20 सेंटीमीटर, दोन-सहाला 21, दोन-आठला 22.