डेंग्यूमुळे हिवाळीचे दोन पेपर सुटले, पुढे काय काय करावं लागलं

बी.कॉम. फायनल, पाचव्या सेमची हिवाळी परीक्षा चालू आणि मधेच मला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स घसरल्या म्हणून नागपूरच्या मेयो दवाखान्यात भरती केलं आणि दोन पेपर गेले. मामी म्हणे, व्हीलचेअरवर नेऊ का सेंटरवर? डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं, आणि बरंच केलं, मला उठून बसताना पण गरगरत होतं.

सुट्टी झाल्यावर बाबांनी डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, मेडिकल सर्टिफिकेट सगळ्याचे बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) झेरॉक्स काढले आणि कॉलेजात गेले, आम्हाला वाटलं ॲडमिट होती म्हटल्यावर वेगळा पेपर घेतील. ऑफिसमधले बाबू म्हणाले, "एकटीसाठी पेपर नाही निघत साहेब, ॲबसेंट लागंल, उन्हाळीत बॅक म्हणून देऊ द्या." नियम दाखवा म्हटलं तर कोणी दाखवला नाही. हे मला अजून खटकतं. सलाइनवर असलेली पोरगी आणि अभ्यास झाला नाही म्हणून घरी बसलेला पोरगा, मार्कशीटवर दोघांपुढे तेच "एबी", आजाराचं कुठे नाव नाही. दवाखान्याचे कागद बघून निदान महिनाभरात पेपर घ्यायची सोय असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तरी सर्टिफिकेट वाया नाही गेलं. इंटर्नल कॉलेजच्या हातात असतं, माझी एक व्हायवा राहिली होती ती मॅडमनी कागद बघून नंतर घेतली, त्यामुळे ओरिजिनल सांभाळून ठेवा आणि अर्ज दिला की आपल्या कॉपीवर आवक-जावकचा शिक्का मारूनच घ्या.

आता बॅकच्या, म्हणजे राहिलेल्या पेपरच्या फॉर्मचं. कायद्यात (महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016) लिहिलंय की निकाल 30 दिवसांत लावायचा प्रयत्न करावा आणि उशिरात उशिरा 45 दिवसांत लावावा, पण माझा निकाल लागायच्या आधीच उन्हाळीचे फॉर्म सुटले. बाकीचे निकालाची वाट बघत होते, मी मात्र ॲबसेंट होते हे मला माहीतच होतं ना, मग थांबायचं कशाला, ऑफिसात विचारून लगेच भरला आणि लेट फी वाचली. सहाव्या सेमचा रेग्युलर फॉर्म वेगळा आणि बॅकचा वेगळा, फी वेगळी, हॉल तिकिटं पण दोन. विषयांच्या यादीत सुटलेल्या दोनच पेपरवर टिक केली, इंटर्नलचे मार्क आधीचेच धरले.

टाइमटेबल आल्यावर दोन्ही सेमचं शेजारी शेजारी ठेवून बघा. माझा एका दिवशी सकाळी पाचव्या सेमचा आणि दुपारी सहाव्याचा पेपर आला, दोन्ही हॉल तिकिटांवर सेंटर एकच होतं म्हणून जमलं, नाहीतर मे महिन्याच्या त्या उन्हात नागपूरच्या या टोकावरून त्या टोकाला जाणं म्हणजे दुसरं आजारपण.

घरी सगळ्यांना भीती होती की आता डिग्रीच जाते का काय. नाही जात. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कोर्सच्या मुदतीवर साधारण दोन वर्षं जास्त मिळतात, म्हणजे तीन वर्षांची डिग्री पाच वर्षांत. तुमच्या कोर्सला काय लागू आहे ते मात्र परीक्षा विभागाकडून लेखी घ्या, कारण खिडकीवर बसणारा माणूस बदलला की उत्तर पण बदलतं.

माझे दोन्ही पेपर उन्हाळीत निघाले. फक्त नवीन मार्कशीट यायला वेळ लागला आणि तोवर एम.कॉम.च्या ॲडमिशनला ऑनलाइन निकालाची प्रिंट आणि हमीपत्र दिलं, त्यावर त्यांनी प्रोव्हिजनल ॲडमिशन दिली.