वाए रेबो: चढ सोपा, रस्ता वाईट, हिशेब त्याहून वाईट

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या वाए रेबो या डोंगरातल्या गावाबद्दल जे वाचायला मिळतं, त्यात चढाची भरपूर भीती असते आणि रस्त्याबद्दल चकार शब्द नसतो. खरं चित्र नेमकं उलटं आहे. राजगड-तोरणा करणाऱ्यांना हा चढ किरकोळ वाटेल. दमछाक होते ती त्याआधी गाडीत.

'चार तासांची चढाई' हा आकडा पायथ्याच्या देंगे गावातून पायी निघायचे तेव्हाचा आहे. आता ओजेक, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, वाए लोंबा ओढ्यापर्यंत सोडते. तो पहिला टप्पा. पुढे पोचोरोको, मग नांपे बाकोक आणि शेवटी गावाच्या वरच्या अंगाची झोपडी. रमतगमत अडीच तास धरा. मोबाईलला रेंज मिळालीच तर पोचोरोकोला, त्यामुळे घरी काय कळवायचं ते तिथेच कळवा. शेवटच्या झोपडीत टांगलेला बांबू वाजवायचा असतो. पाहुणे येताहेत हे गावाला त्यावरून समजतं. तो वाजवल्याशिवाय खाली उतरू नका. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, जळवा लागतात. लांब मोजे आणि मीठ पुरेसं आहे, महागड्या गेटर्सची, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायच्या आवरणांची, गरज नाही.

आता रस्ता. बेटाच्या पश्चिम टोकाच्या लाबुआन बाजो या बंदराच्या शहराहून लेंबोरच्या भातखाचरांपर्यंत आणि पुढे पेला फाट्यापर्यंत ट्रान्स-फ्लोरेस महामार्ग आहे. वळणं भरपूर, पण डांबर चांगलं. पेलाला दक्षिणेकडे तोदोच्या दिशेने वळलं की खेळ बदलतो. एका गाडीपुरती रुंदी, कडेला तुटलेलं डांबर, पलीकडचं काही न दिसणारी वळणं. कडेला गटार नाही, त्यामुळे पावसाचं पाणी रस्त्यावरूनच वाहतं, आधी कडा खातं आणि मग खालची माती. मागच्या महिन्यात शाबूत असलेला भाग या महिन्यात नसतो. सुगीत लोक रस्त्यावरच कॉफी आणि लवंग वाळत घालतात. त्यावरून चाक गेलं तर भांडण होणारच आणि चूक तुमचीच असेल. तोदो ते दिंतोर हा देंगेच्या अलीकडचा पट्टा अंधार पडल्यावर घेऊ नका. ट्रकला मागचे दिवे असतीलच असं नाही आणि वळणावर म्हैस बसलेली असते. स्कूटरवर दोघं आणि दोन सॅक असा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. पेलापुढे पेट्रोल पंप धरून चालू नका, तिथे टपरीवर लिटरच्या बाटल्यांतून पेट्रोल मिळतं. लाबुआन बाजो ते देंगे 'तीन तास' सांगणारा माणूस एकतर तिथे गेलेला नाही किंवा गाडी विकायला बसला आहे. पाच ते सहा तास धरा आणि सकाळी सहाला निघा.

लाबुआन बाजोत विकली जाणारी 'दोन दिवस एक रात्र' पॅकेजेस आमच्या मते घेऊ नयेत. गाव काय आकारतं ते उघड आहे: बरीच वर्षं मुक्कामी पाहुण्याला माणशी ३,२५,००० रुपिया आणि त्याच दिवशी परतणाऱ्याला २,००,००० असा दर होता. मुक्कामात झोपणं, जेवण, नाश्ता आणि कॉफी आलं. चालू दर देंगेत मुक्कामाच्या घरी विचारा. पॅकेजची बाकी सगळी रक्कम गाडी आणि दलाली. ठरवताना हे वाक्य पाठ करा: 'पर ओरांग आताउ पर मोबिल?' म्हणजे माणशी की गाडीमागे. हे न विचारल्यामुळे चौघांच्या गटाला चौपट बिल येतं, आणि वाद घालायला जागा उरत नाही. पुढचे प्रश्न: पेट्रोल धरून का, वाटाड्या धरून का, चालकाचं रात्रीचं जेवण आणि झोपणं कोणाकडे. भाव सांगताना 'हजार' हा शब्द गाळतात. 'तिगा रातुस' म्हणजे तीनशे नव्हे, तीन लाख. ओजेकवर बसण्याआधी भाडं ठरवा, उतरल्यावर नाही.

स्वस्तातला रस्ता रुतेंग या डोंगरातल्या शहराहून आहे. मेना स्थानकातून सकाळी ओतो कोल, म्हणजे बाकडी टाकलेला ट्रक, देंगेकडे निघतो. कंबर धरते, पण पैसे गावच्या माणसाकडे जातात. रोकड रुतेंगलाच काढा.

वर पोचल्यावरचा मुक्काम सुखाचा आहे. त्याचे फोटो जगभर आहेत, म्हणून इथे फक्त नियम. पहिल्यांदा मुख्य घरात वाए लुउ हा स्वागतविधी होतो. तो होईपर्यंत कॅमेरा सॅकमध्ये राहू द्या आणि वाटाड्या सांगेल तेवढी दक्षिणा ठेवा. मधल्या गोल दगडी कोंपांगवर चढू नका, ते पूर्वजांचं स्थान आहे. सातही म्बारू नियांग, म्हणजे गावाची शंकूच्या आकाराची घरं, गवत-पानांनी शाकारलेली, आणि चूल घरातच. तो धूर छपराचं किड्यांपासून रक्षण करतो, पण ठिणगीचा धोका कायम असतो. आत सिगारेट, डासांची अगरबत्ती, मेणबत्ती काहीही पेटवू नका. २००८ नंतर ही घरं मोठ्या मेहनतीने पुन्हा उभी राहिली आणि २०१२ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. शाकाहारींनी 'तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान', म्हणजे मांस, कोंबडी, मासे खात नाही, हे देंगेतच सांगून ठेवावं. भात, भाजी, अंडं मिळतं. वर आल्यावर सांगून उपयोग नाही, सामान खालून डोक्यावर येतं.

चोरीची भीती इथे बाळगू नका. सगळे एकाच दालनात चटयांवर झोपतात. धोके वेगळे आहेत. फ्लोरेसमध्ये १९९७ पासून रेबीज आहे आणि दर घरापुढे कुत्रा आहे. चावला तर साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा आणि थेट रुतेंग किंवा लाबुआन बाजोचं रुग्णालय गाठा. खेड्यातल्या आरोग्यकेंद्रात इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे लसीसोबत द्यायचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, मिळेल यावर विसंबू नका. निघण्याआधी पुण्या-मुंबईतच प्रतिबंधक डोस घ्या. दुसरं, दिंतोर किनाऱ्यावर आहे. १२ डिसेंबर १९९२ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने या बेटावर दोन हजारांहून अधिक माणसं नेली. जमीन वीसेक सेकंद हलत राहिली तर भोंग्याची वाट न पाहता चढाकडे पळा.

एक विषय कोणी विचारत नाही आणि नंतर पस्तावतं: जमीन. लाबुआन बाजोत 'डोंगरात स्वस्त प्लॉट' सांगणारे भेटतात. १९६० च्या कृषी कायद्यानुसार मालकी हक्क, हाक मिलिक, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. स्थानिकाच्या नावावर घेऊन आतून करार केला तर कलम २६ प्रमाणे व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. शिवाय मांगाराय, म्हणजे फ्लोरेसच्या या पश्चिम भागात, शेती मुळात अख्ख्या घराण्याची. रुतेंगजवळच्या चांचार गावच्या टेकडीवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी खाचरं म्हणजे लोदोक: मधोमध खुंटा, तिथून बाहेर जाणाऱ्या रेषा, आणि प्रत्येक कुटुंबाची पाचर. वाटणी तुआ तेनो, म्हणजे जमिनीचं बघणारा गावचा वडीलधारा, करतो. एका भावाने विकलं म्हणून बाकीचे गप्प बसतील असं समजू नका. जास्त दिवस राहायचंच असेल तर खोली भाड्याने घ्या आणि २४ तासांत आर-टी, म्हणजे शेजारवस्ती, तिच्या प्रमुखाकडे नोंद करा. 'तामू वाजिब लापोर', म्हणजे पाहुण्याने नोंद करणं बंधनकारक, ही पाटी शोभेची नाही.

परतताना ओतो कोल पहाटे देंगेहून सुटतो. तो पकडायचा तर वाए रेबोतून त्याच सकाळी उतरून जमत नाही. आदल्या दुपारीच खाली या, रात्र देंगेत काढा आणि चालकाला संध्याकाळीच सांगून ठेवा, म्हणजे तो घरापुढे थांबेल.