नावावर पाय

काका-मावशी मला भेटायला बर्लिनला आले. काकांची यादी साताऱ्याहूनच तयार होऊन आली होती: ब्रांडेनबुर्ग गेट, संसदेचा काचेचा घुमट, टीव्ही टॉवर आणि मग भिंत, भिंत, भिंत. परीक्षा संपल्या होत्या, नोकरीवर रजा टाकली होती, त्यामुळे मीही निवांत होते. 100 नंबरच्या डबलडेकर बसमध्ये वर पुढची सीट पकडली की अर्धं बर्लिन साध्या तिकिटात बघून होतं. घुमटाला तर पैसेच पडत नाहीत, फक्त आधी नाव आणि जन्मतारीख कळवून वेळ घ्यावी लागते. खाली खासदार बसणार आणि सामान्य माणूस त्यांच्या डोक्यावरून फिरणार, ही कल्पना काकांना फार आवडली.

मावशीचं लक्ष मात्र खाली होतं. मी शोनेबर्गमध्ये राहते. आमच्या बिल्डिंगच्या दारासमोर फुटपाथमध्ये पितळी चौकोन बसवलेले आहेत, जेमतेम दहा सेंटिमीटरचे. मावशीची चप्पल एकावर पडली, तिनं खाली पाहिलं आणि चटकन पाय मागे घेऊन, वाकून हात लावून नमस्कार केला.

"अगं, नावं आहेत ना ही? यांच्यावरून लोक चालतात?"

नाझींनी ज्यांना उचलून नेलं त्यांच्या घरासमोर बसवलेले हे स्मृतिदगड. मी वाचून दाखवलं. 'इथे राहत होते' असं वर, मग नाव, जन्मसाल, कोणत्या वर्षी उचलून नेलं, कुठे नेलं, कुठे मारलं. एकाच आडनावाचे चार दगड शेजारी शेजारी. आईवडील आणि दोन मुलं.

गुंटर डेम्निग या कलाकारानं ही सुरुवात केली. बर्लिनमध्ये 1996 साली क्रॉइझबर्गच्या ओरानिएनस्ट्रासवर त्यानं पहिले दगड बसवले, तेही परवानगी न घेता. आज एकट्या बर्लिनमध्ये 10,000 हून जास्त आहेत आणि युरोपभर मिळून एक लाखाच्या पुढे. अक्षरं हातानं ठोकून उमटवतात. खर्च सरकार करत नाही. कधी नातेवाईक देतात, कधी शाळेतली मुलं पैसे जमवतात, कधी आता त्याच घरात राहणारे भाडेकरू वर्गणी काढतात. 9 नोव्हेंबरला, म्हणजे 1938 साली ज्यूंवर देशभर हल्ले झाले त्या तारखेला, लोक पितळ घासून लखलखीत करतात, शेजारी मेणबत्ती आणि एखादं पांढरं फूल ठेवतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी गुडघ्याखाली उशी घेऊन बसतात. मागच्या वेळी मीही त्यांच्यासोबत बसले होते.

आता गंमत बघा. मावशीला जे खटकलं तेच म्युनिकलाही खटकलं. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख लहानपणी लपून राहिल्या म्हणून वाचलेल्या. ज्यांना तुडवून मारलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली नकोत, असं त्यांचं म्हणणं. म्युनिकनं सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू दिलेले नाहीत. साताऱ्याची निवृत्त इतिहासशिक्षिका असलेली माझी मावशी आणि म्युनिकच्या क्नोब्लोखबाई यांचं न भेटता एकमत झालं, याचं मला फार कौतुक वाटलं.

तरीही माझं मत बर्लिनच्या बाजूनं आहे. चौथऱ्यावरच्या पुतळ्याला लांबून हार घालता येतो. हे दगड दूध आणायला निघालेल्या माणसाच्या वाटेत येतात. साठ लाख ज्यू मारले हा आकडा शाळेत पाठ होतो आणि विसरतो, पण आपल्याच दारातून, आपल्याच जिन्यावरून एक कुटुंब नेलं हे विसरता येत नाही. नाव वाचायचं तर वाकावंच लागतं. मावशीचा नमस्कार म्हणूनच मला चुकीचा वाटला नाही.

त्या दिवशी भिंत राहिली बाजूला आणि आम्ही जवळच्याच बायरिशेस फिअर्टेलमध्ये फिरलो. आइनस्टाइन याच भागात राहायचे. इथे 1993 पासून दिव्यांच्या खांबांवर 80 पाट्या आहेत. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी काळातला नियम, तारखेसह. पावाच्या चित्रामागे लिहिलंय की बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्याच्या वस्तू दुपारी 4 ते 5 याच वेळात घ्यायच्या. तारीख 4 जुलै 1940. पुढे 1942 ची पाटी: ज्यूंना घरात प्राणी पाळायला बंदी. मावशी प्रत्येक खांबापाशी थांबत होती.

काका म्हणाले, "आधी मारायचं आणि मग सुबक पाट्या लावायच्या. यात कौतुक काय?"

मला राग आला. पाट्या लावणारे वेगळे, मारणारे वेगळे, आणि आपल्या आजोबांविरुद्ध साक्ष द्यायला धाडस लागतं, असं मी बरंच बोलले. मी इथे राहते म्हणून इथली बाजू घेते असं नाही. नामिबियात 1904 ते 1908 या काळात हेरेरो आणि नामा लोकांची जी कत्तल जर्मनांनी केली, तिला अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला या सरकारला 2021 साल उजाडावं लागलं. तेही मी काकांना सांगितलं.

रात्री मावशीनं पिठलं-भाकरी केली. जेवताना माझ्या जर्मन फ्लॅटमेटनं सरळ विचारलं, तुमच्याकडे जातीबद्दल असं काही लिहून ठेवलेलं असतं का? मी लगेच सरसावले. महाडचं चवदार तळं, 1927 चा सत्याग्रह, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणारे लाखो लोक, सगळं सांगितलं. त्यातलं अक्षरही खोटं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

ती झोपायला गेल्यावर मावशी म्हणाली, "आपल्या विहिरीचं नाही सांगितलंस."

नाही सांगितलं. आजोळच्या त्या विहिरीवर कोणाकोणाला पाणी भरू देत नव्हते, हे मावशीनं डोळ्यांनी पाहिलंय. पण परक्या माणसासमोर घर उघडं करायला मन धजत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. महाड उभं केलं ते ज्यांना पाणी नाकारलं त्यांनी. अडवणाऱ्यांच्या नातवंडांनी, म्हणजे आम्ही, अजून एक ओळही लिहिलेली नाही. हे मात्र आमचं आम्हीच बोलायला हवं.

शेवटच्या दिवशी मावशीच्या हट्टानं डालेमला गेलो. इहनेस्ट्रास 22, आता विद्यापीठाची इमारत. 1927 ते 1945 इथे कैसर विल्हेल्म संस्थेचं मानववंशशास्त्र केंद्र होतं. इरावती कर्वे इथेच ऑयगेन फिशरच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. युरोपीय वंश श्रेष्ठ हे कवट्यांच्या मापांतून दिसेल असं फिशरला वाटत होतं. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही असं लिहून दिलं. विशीतली मराठी मुलगी, परका देश, आणि समोर आपलाच मार्गदर्शक! दारापाशी 1988 पासून पाटी आहे. पुढे नाझी डॉक्टर मेंगेलेनं आउश्वित्झच्या छळछावणीतून माणसांचे अवयव याच संस्थेकडे पाठवले, हे त्यात झाकलेलं नाही.

परतताना यू-3 मेट्रोमध्ये काकांनीच विषय काढला. विहिरीवर पाटी लावायची तर काय लिहायचं? मावशी म्हणाली, ज्यांना अडवलं त्यांच्या घरच्यांना आधी विचारायचं, आणि अडवणाऱ्यांत आपलं आडनाव पहिलं. काका म्हणाले, ग्रामसभेत भांडणं होतील.

"होऊ देत," मावशी म्हणाली. "मजकूर मी लिहिते, विषय तुम्ही मांडा."