त्या खोपटात राजकारण कुठे आहे?

कॅरोलिना दे रॉबर्टिस यांची २०१९ साली आलेली 'कान्तोरास' ही कादंबरी मी कुणाला वाचायला दिली, की परत करताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. उरुग्वेतल्या लष्करी राजवटीत पाच समलिंगी स्त्रिया समुद्रकाठी खोपट घेतात, चुलीवर रांधतात, भांडतात, प्रेमात पडतात. मग यात हुकूमशाही नुसती पडद्यामागेच राहत नाही का? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उरुग्वेत २७ जून १९७३ रोजी संसद बरखास्त झाली आणि लष्कराची पकड १९८५ पर्यंत सुटली नाही. राजवटीने नागरिकांची अ, ब, क अशी प्रतवारी लावली होती, आणि 'क'चा शिक्का बसलेल्याला सरकारी नोकरीचे दार बंद होते. कुणासमोर काय बोलावे याचा हिशेब तेव्हा सगळ्यांनाच ठेवावा लागला. या पाचजणींना मात्र तो राजवट येण्याआधीपासूनच तोंडपाठ होता. रोमिनाचा भाऊ तुरुंगात आहे. आईवडिलांच्या वाट्याला आणखी दुःख नको, म्हणून ती स्वतःविषयीचे सत्य गिळून बसते. तिला लष्कराने गप्प केले की घराने, हे वेगळे काढून दाखवता येत नाही, आणि माझ्या मते कादंबरीतले राजकारण नेमके इथे आहे.

आपल्याकडे आणीबाणी उठली त्याच १९७७ साली या बायका काबो पोलोनियोला पोचतात. वाळूच्या टेकड्यांपलीकडचे हे टोक, तिथे दीपगृह, खडकांवर समुद्रसिंह आणि कोळ्यांची थोडी घरे. विजेचा पत्ता नाही. खाटकाच्या दुकानात काम करणारी फ्लाका, नवऱ्याला कंटाळलेली अनिता, अवघी सोळा वर्षांची पाझ, अशा सगळ्या मिळून पैसे जमवतात आणि तिथले एक मोडके खोपट चक्क विकत घेतात. नवरा, बाप किंवा भाऊ यांची परवानगी न लागणारी ती त्यांची पहिलीच जागा, त्यामुळे हा व्यवहार मला कुठल्याही मोर्चाइतकाच धाडसाचा वाटतो.

मात्र हे निवडलेले कुटुंब म्हणजे माहेरचे गोड रूप नव्हे. फ्लाका आणि रोमिना एकेकाळच्या प्रेयसी. ते नाते संपले तरी छप्पर एकच राहते, आणि त्याचे ताणही राहतात. मालेना काय भोगून आली आहे, हे तर बाकीच्या चौघी वर्षानुवर्षे नीट विचारतच नाहीत. (पुढे काय होते ते सांगत नाही, ते पुस्तकातच वाचावे.) जीव लावणाऱ्या माणसांकडूनही असे दुर्लक्ष होते, हे लेखिकेने लपवले नाही, म्हणून मी या पाचजणींवर विश्वास ठेवते. शेवटचा भाग थोडा घाईत उरकल्यासारखा वाटतो खरा, पण त्याचे साल विचारपूर्वक निवडलेले आहे. लष्कर सत्तेवरून पायउतार झाले १९८५ साली. दोन स्त्रियांच्या लग्नाला उरुग्वेच्या कायद्याने मान्यता द्यायला २०१३ उजाडले, आणि कादंबरी तिथवर जाऊनच थांबते.